पुरून उरेल

एप्रिलच्या तीस तारखेला हिंगण्याच्या कारखान्यात
माझं कार्ड मशीनला शेवटचं लागेल.
एकतीस वर्षं बेअरिंगला ग्रीस लावलं,
नखातलं काळं आता नखाचंच आहे.

पीएफ ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या,
पंखा माझ्याकडं फिरवला, मग म्हणाल्या,
"काका, महिन्याला दोन हजार तीनशे चौदा."
मी विचारलं, "सुरुवातीला?"
"नाही काका, कायमचे."

कायमचे हा शब्द खिशात घालून बाहेर आलो.
टपरीवर चहा घेतला, दहा रुपये.
दोन हजार तीनशे चार.

मनीराम उईके माझ्याआधी सुटला.
एका कागदावर तो मनीराम, दुसऱ्यावर मनीराव.
चौदा महिने झाले,
राम आणि राव यांच्यातल्या फटीत
त्याची पेन्शन अडकून पडली आहे.
रात्रपाळीला एटीएम राखतो.
म्हणतो, "म्हातारपण एसीत चाललं बापा,
बस, पैसे तेवढे दुसऱ्याचे आहेत."

रात्री तांडापेठेतल्या खोलीत
कूलर घरघरत होता, अंगावर पाणी उडवत.
लाइटच्या बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला:
गॅस, किराणा, बीपीची गोळी,
दर वर्षी कूलरच्या तीन ताट्या.
फंडाचे एकरकमी येतील
त्यातले पोरीच्या लग्नाचं देणं फेडून जे राहतील
ते वर्षांवर वाटले, पापड वाटावेत तसे, मोजून.
कसंबसं जमत होतं.
मला स्वतःचं कौतुकही वाटलं थोडं.

पारबतानं चष्मा लावला, माझाच,
आणि बोट ठेवत रकाना उतरत गेली.
"हे सत्तरला काहून थांबवलं?"
"बाबा अडुसष्टला गेले. दोन वर्षं वरची धरली."
"अन् मी?"

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.
तिची आई ब्याण्णवची, भंडाऱ्याला
अजून अंगणात बसून लाखोळी निवडते.

मी सत्तरखाली रेघ मारली होती,
पट्टी लावून, फिटर मारतो तशी सरळ.
तिच्याखाली कागद कोरा,
आणि त्या कोऱ्यात ही, एकटी,
आईवर गेली तर एकतीस उन्हाळे.
जितकी वर्षं मी ग्रीस लावलं, तितके.
माझ्यामागं अर्धी पेन्शन: अकराशे सत्तावन्न.
या गावात वर्ष कोणी मोजत नाही,
उन्हाळेच मोजतात.

मला वाटलं रडेल.
ती उठली, मागच्या महिन्याचं बिल आणलं,
भाताच्या शितानं खाली चिकटवलं
आणि रकाना पुढं ओढला, हातानंच, वाकडा.
लिहिलं: साड्यांना फॉल-पिको.
त्याखाली: गल्लीतले कूलर.
"एप्रिल लागला की अर्ध्या गल्लीचे पंखे किरकिरतात.
बेअरिंगचं तुमच्याइतकं कोणाले समजते?"
पुढं आकडा लिहिला नाही. प्रश्नचिन्ह काढलं
आणि ते जरा घोटून जाड केलं.

शाळेत मास्तर म्हणायचे,
हा पोरगा सगळ्यांना पुरून उरेल.
तेव्हा वाटायचं, ताकदीचा शब्द आहे.
आज पहिल्यांदा तो फोडून पाहिला:
पुरायचं कुणी,
आणि उरायचं कुणी.

"पुरेल का गं?" मी विचारलं.
ती बिलाची घडी घालत होती, शीत ओलं होतं,
घडी बसत नव्हती.
"वाळू द्या आधी," म्हणाली.

कूलरचा पंप कोरडा ओढू लागला,
ताटीला तो जळका वास आला.
मी बादली घेऊन उठलो.
टाकीत अर्धी बादलीच निघाली.
नळाला चार तास होते.